सयाजीचं बत्तीघर

शिराळ्याच्या अलीकडच्या वाडीत सयाजीला सगळे मॅनेजर म्हणतात. मॅनेजर तो कधीच नव्हता. चंद्रपूरकडच्या एका कोळसा खाणीत तो सव्वीस वर्षं बत्तीघरात होता. खाली उतरणाऱ्यानं खिडकीत आपला पितळी बिल्ला द्यायचा आणि टोपीवरची बत्ती घ्यायची. वर आला की बत्ती परत, बिल्ला परत. खिळ्यावर बिल्ला लटकतोय म्हणजे माणूस खाली आहे. सांगताना त्याची छाती फुगायची आणि जीभ हिंदीत घसरायची, "बिल्ला सच बोलता है गड्या. मानूस झूट बोलता है."

एकदाच त्यानं बिल्ल्याचं ऐकलं नव्हतं. पाळी सुटली तरी चौदा नंबर खिळ्यावरच होता. पाळीवरचा मुकादम, ओव्हरमन, म्हणाला, सगळे वर आलेत, बिल्ला न्यायला विसरला असेल. सयाजीनं मान डोलावली. खाली सुरुंग उडाला. चौदा नंबरला वर आणला तो दोन पोत्यांतून, आणि दुसऱ्या पोत्यात कोळसाच जास्त होता.

निवृत्त होऊन गावी आला तेव्हा शंभूराज ठेकेदाराचं विहिरीचं काम चालू होतं. सयाजी क्रेनपाशी राखणीला बसू लागला. पहिल्याच दिवशी फळीवर सात खिळे ठोकून त्यानं सात गड्यांना पत्र्याचे बिल्ले कापून दिले. उतरताना टांगायचा, वर आल्यावर काढायचा.

"आवं मॅनेजर, परसाकडं जातानाबी टांगू का?" गडी हसले. पण टांगू लागले.

एका दुपारी तळातली भोकं सुरुंगाच्या दारूनं भरून झाली होती. पाणी पाझरत होतं. शंभूराजनं वर सुरुंग उडवायच्या मशीनला तारा जोडल्या. फळीवर पाच नंबर अजून लटकत होता.

"जोतीराम कुटं हाय?" सयाजीनं विचारलं.

गडी एकमेकांच्या तोंडाकडं बघू लागले.

"गेला आसंल गावात," शंभूराज म्हणाला. "वाकून बघा की मॅनेजर, कोन न्हाई खाली."

"कपारीतलं दिसत न्हाई. मी उतरतो."

"भरल्या भोकांवर? तवर दारू भिजली म्हंजे तुझा बा येनार व्हय भरायला?"

शंभूराजचा हात मशीनच्या मुठीवर गेला. सयाजीनं क्रेनचा पाना उचलून त्या हातावर घातला. ऊस मोडावा तसं मनगट कडाडलं. शंभूराजनं डोक्यानं ढुशी दिली. सयाजीचे दोन दात तिथंच पडले. त्याला आडवा पाडून शंभूराज छातीवर बसला आणि डाव्या हातातल्या दगडानं त्याचा कान ठेचू लागला.

"मर म्हाताऱ्या, मर."

सयाजीनं पाना त्याच्या गुडघ्यावर हाणला. पुन्हा हाणला. तिसऱ्या घावाला तो बाजूला कोसळला. गडी सोडवायला धावले.

"फुडं येईल त्याचं टाळकं फोडीन," सयाजी म्हणाला. तारा उपटून, मशीनची मूठ काढून खिशात घालून, तो रक्त गाळत क्रेनच्या बादलीत बसला आणि गड्यांना सोडायला लावून खाली गेला. कपारीत हात घालून चाचपलं. दगड. चिखल. माणूस नव्हता.

वर आला तर जोतीराम पानपट्टीवरून येत होता, गालात मावा. "काय झालं वं मॅनेजर?"

सयाजीनं अशी थोबाडीत दिली की मावा शंभूराजच्या सदऱ्यावर उडाला. "बिल्ला काढ."

जोतीरामनं फळीवरचा पाच नंबर काढला.

"कोन न्हवतं खाली," शंभूराज कण्हत म्हणाला. "फुकट हात मोडलास माजा."

"व्हय." सयाजी लाल थुंकला. "पोलिसात जा. मीबी येतो तुझ्यासंगं."

पण मूठ दिली नाही. आधी त्यानं सातही गडी ओळीत उभे केले आणि बोट लावून मोजायला लागला. जोतीरामपाशी थांबला. त्याच्या छातीवर हात ठेवला. मग पुन्हा पहिल्यापासून मोजलं.