मास्किंगचा कागद

सातवीनंतर मी शाळेत गेलो नाही. त्यामुळे चित्र काढणं हे शिकलेल्यांचं काम, आपण गाड्या रंगवाव्यात, असं मी धरून चाललो होतो. कुवेतला, शुवैखच्या एका गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंगला होतो, आणि रिग्गईला गावाकडच्याच माणसांबरोबर खोली करून राहत होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं.

एकदा धुळीच्या वाऱ्यानंतर एक पांढरी गाडी आली, सगळी मातकट झालेली. मुदीर, म्हणजे आमचा मॅनेजर, आत फोनवर होता. मी सहज मागच्या काचेवर बोटाने कोंबडा काढला, एक पाय उचललेला. मागून बाईमाणसाचा आवाज आला, "पुसू नकोस हं." मराठीत.

गाडी त्यांचीच. यांनी तक्रार केली तर मुदीर व्हिसा रद्द करून घरी पाठवेल, एवढंच डोक्यात. पण पुढच्या वेळी त्या आल्या तेव्हा काच सोडून बाकी गाडी धुतलेली होती, आणि हातात माझ्यासाठी रंगपेटी, ब्रश, जाड कागद. त्या पुण्याच्या. मिस्टर तेलाच्या कंपनीत इंजिनियर, आणि या सलवा भागात घरी मुलांना चित्रकला शिकवायच्या. मी त्यांना वहिनी म्हणू लागलो.

"गणपतीत इथल्या मराठी मंडळाचं प्रदर्शन असतं," त्या म्हणाल्या. "तुझं एक चित्र हवंय मला."

परक्या मुलखात असं कोण कुणाला देतं? त्या पेटीचं मला ओझंच झालं. वहिनींचे रंग वाया गेले असं व्हायला नको, म्हणून चित्रासारखं चित्र काढायचं ठरवलं. गाव आठवायला बसलो तर हाताला काही येईना. खोलीत चॉकलेटचा रिकामा डबा होता. त्याच्यावर डोंगर, उतरत्या छपराचं घर, तळं. ते उतरवून घेतलं. कडेला दोन माड घातले, तळ्यात होडी सोडली, आणि खाली लिहिलं, 'माझं गाव'.

दुसरंही एक चालू होतं तेव्हा, पण त्याला मी चित्र म्हणत नव्हतो. गाडीला रंग मारताना जिथे रंग नको तिथे जुनी अरबी वर्तमानपत्रं टेपने चिकटवतात, त्याला मास्किंग म्हणतात. काम झालं की ओढून फेकायची. त्या कागदावर रंगाचा धुरळा बसलेला असतो, टेपखाली कोरी पट्टी राहते. मला ते फेकवेना. मग स्प्रे गनमध्ये उरलेला रंग मी मुद्दाम मारू लागलो. कागदावर पाना ठेवायचा, फाटका हातमोजा ठेवायचा, दुपारच्या जेवणातला माशाचा काटा ठेवायचा, आणि वर रंग. वस्तू उचलली की तिची जागा तेवढी राहायची. गादीखाली गठ्ठा साठला. खोलीतले म्हणायचे, "काय रे, रद्दी इकूक मुंबैक जातलंस काय?" मीही हसायचो. लाज वाटायची, पण फेकत नव्हतो.

प्रदर्शनाच्या दिवशी चित्राला सुरकुती पडू नये म्हणून त्यातल्याच एका कागदात गुंडाळून नेलं. शाळेच्या हॉलमध्ये मुलांच्या चित्रांशेजारी वहिनींनी ते लावलं. हॉस्पिटलात टेक्निशियन असलेले एक गृहस्थ बराच वेळ समोर उभे राहिले.

"गाव खंयचा रे तुझा?"

"देवगडाकडचा."

"मगे थंय बर्फ कधीपास्ना पडूक लागला?"

छपरावर मी पांढरं ठेवलं होतं ते बर्फ होतं, हे मला तेव्हा कळलं. आजूबाजूचे हसले. वाईट मनाने नाही, पण हसले. एका मुलीने वडिलांना इंग्रजीत काहीतरी विचारलं, आणि त्यांनी तिला गप्प केलं. ते गप्प करणं जास्त लागलं.

वहिनी हसल्या नाहीत. खुर्चीवर पडलेला गुंडाळीचा कागद त्यांनी उचलला होता. राखाडी निळा रंग, मध्ये पाना आणि काटा.

"हे कुणी केलं?"

"ते काही नाही, वहिनी. रद्दी आहे, गाडीची."

"तुझं आहे?"

"छे हो." मी कागद त्यांच्या हातून ओढला. तो फाटला. बोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि हात पँटला पुसले.

बर्फाचं हसू दोन दिवसांत विसरलो असतो. 'छे हो' विसरता येईना. ज्या बाईने काचेवरचा कोंबडा पुसू दिला नाही, तिच्यादेखत मी माझं म्हणावं असं एकमेव काहीतरी फाडून टाकलं होतं.

एका शुक्रवारी गठ्ठ्यातला एक कागद घेऊन वहिनींकडे सलवाला गेलो. दार त्यांच्या साहेबांनी उघडलं. "आलास? बंपरचं बघायला ना? गाडी खालीच आहे." नाही म्हणायला तोंड उघडेना. खाली उन्हात गुडघ्यांवर बसून बंपर ठोकून बघत राहिलो, काखेत गुंडाळी. थोड्या वेळाने वहिनी उतरल्या.

"आणि ते काय आणलंयस?"

रद्दी, असं ओठांवर आलं होतं.

"माझं आहे," मी म्हणालो. तेही बंपरकडे बघत.

त्यांनी तो कागद फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावला. त्यानंतर कैक वेळा मी तिथे चहा-पोहे खाल्ले, पण बसायचो त्या भिंतीकडे पाठ करून. कुणी पाहुण्याने विचारलं, हे कुणाचं, तर वहिनी हनुवटीने माझ्याकडे दाखवायच्या आणि मी कपातली साय बाजूला करत बसायचो. गन चालवणं मात्र थांबलं नाही. आता जाड कागदावर मारतो. खाली नाव घालायला हात अजून कचरतो.

काही वर्षांनी वहिनी आणि साहेब कायमचे पुण्याला निघाले. सामान बांधून झालं होतं, भिंतीवर तेवढी ती फ्रेम राहिली होती.

"आज तरी तिकडे तोंड करून बस रे," वहिनी म्हणाल्या.

खुर्ची वळवली. रंगामधली टेपची कोरी पट्टी नीट पाहिली.

"टेप जरा वाकडी लागलीय," मी म्हणालो.