वर्गणीचं रिव्हॉल्व्हर

ह्यांना हे ठाऊक नाही. माझ्या मुलीला ठाऊक नाही. देवापुढे बसते तेव्हासुद्धा मी हे कधी शब्दांत आणलं नाही — त्याला कळतच असेल, असं म्हणून गप्प राहिले. आज पहिल्यांदा लिहून बघते आहे. तुम्ही कोण, मला माहीत नाही. पण समोर चहाचा कप घेऊन एखादी मैत्रीण बसली आहे असं धरून चालते. नाहीतर हात पुढे सरकायचा नाही.

मी बोलणारी बाई नाही. साताऱ्याकडच्या एका गावात चौथीपर्यंत शिकले, लग्न झालं, आणि थेट लंडनजवळच्या इल्फर्डला आले. हे बस चालवायचे, मी घर बघायची. दुकानात गेलं की वस्तूकडे बोट दाखवायचं आणि पैसे पुढे करायचे — कितीतरी वर्षं मी अशीच काढली. शेजारीण नुसतं 'हॅलो' म्हणाली तरी माझे कान गरम व्हायचे. ही सबब म्हणून सांगत नाही. अशा बाईनं रिव्हॉल्व्हर विकत आणलं हे तुम्हाला खरं वाटावं, म्हणून सांगते.

हो, रिव्हॉल्व्हर. मोठ्या तोंडाचं. हातात घेतलं की मनगट खाली जाईल एवढं जड.

आबा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यावर ह्यांनी त्यांना गावाहून आमच्याकडे आणलं. घरात झोपायच्या खोल्या दोनच. एक आबांना दिली. दुसरीत आम्ही दोघं आणि आमची वैशू. ऐंशीच्या घरातले आबा, पण पाठ ताठ. पलटणीत हवालदार झालेले, तरुणपणी इटलीच्या लढाईत गेलेले. तिथं ते एका गोऱ्या कॅप्टनचे ऑर्डर्ली होते. त्या साहेबाकडे त्याच्या वडिलांचं जुनं, मोठ्या तोंडाचं रिव्हॉल्व्हर होतं, आणि ते रोज सकाळी पुसून ठेवायचं काम आबांचं. साहेब एका टेकडीवर पडला. आबांनी त्याच्या कमरेचं रिव्हॉल्व्हर काढलं आणि कोठारात नेऊन दिलं. "जमा केलं," एवढंच म्हणायचे, आणि मग बराच वेळ चष्मा पुसत बसायचे.

हे ड्यूटीवर गेले की आबांचे दोन दोस्त यायचे. एक शिंदेमामा, लष्कराचे ट्रक चालवलेले. दुसरे जोगळेकर डॉक्टर, मँचेस्टरच्या हॉस्पिटलात आयुष्य काढून आता इथं मुलाकडे राहणारे. तिघं पुढच्या खोलीत बसायचे, मी चहा करायची. मला त्यांचं बोलणं ऐकायला आवडायचं. कुणी मला उलट काही विचारत नसे, म्हणून जास्तच आवडायचं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्यात शस्त्रांची पूजा असते. गावी आबांच्या घरी तलवार होती. इथं काय? ते पाटावर माझी भाजीची सुरी ठेवायचे, ह्यांची पक्कड, वैशूची कात्री. एका वर्षी शिंदेमामा म्हणाले, "हवालदारसाहेब, पुढच्या खेपेला लाटणंही ठेवा. सूनबाईंचं खरं शस्त्र तेच." सगळे हसले. आबाही हसले. पण त्या दिवशी त्यांचा चहा तसाच निवला.

मग डॉक्टरांनी बातमी आणली. क्रॉयडनच्या बाजूला एका हॉलमध्ये जुन्या शस्त्रांचा बाजार भरतो. फार जुनं असेल, ज्याच्या गोळ्या आता कुणी बनवतच नाही, असं रिव्हॉल्व्हर शोभेसाठी घरात ठेवायला परवाना लागत नाही. मात्र एकट्याच्या पेन्शनीत बसेल अशी किंमत नाही. वर्गणी काढावी लागेल.

झालं. तिघं महिनोन्‌महिने नुसते वाद घालत बसले. ठेवायचं कुणाच्या घरी? "माझ्या सुनेनं बघितलं तर ती मलाच त्या बाजारात नेऊन विकेल," शिंदेमामा म्हणाले. ते डॉक्टरांना म्हणाले, तुम्ही कुठली लढाई लढलात, तुम्ही इंजेक्शनची पूजा करा. डॉक्टर म्हणाले, "जन्मभर गोळ्याच दिल्यात मी. माझाही हक्क आहे." आणि आबा मध्ये बसून एकाकडून दुसऱ्याकडे बघायचे. मागायची त्यांना लाज वाटत होती — ते मला दिसत होतं.

एके दिवशी स्वयंपाकघराच्या दारातून मीच बोलले. "मी आणते."

तिघंही वळून माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, तिघांनी सारखे पैसे घालायचे. वस्तू आमच्याकडे राहील, आबांच्या ट्रंकेत. पूजा तिघांनी मिळून इथंच करायची. आणि ह्यांना कळू द्यायचं नाही — कारण आबांनी एकदा विषय काढला तेव्हा हे ताडकन म्हणाले होते, "घरात पोर आहे. शस्त्राचं नाव काढायचं नाही." कुठून आलं एवढं बोलणं माझ्या तोंडात? पण सांगू का — ह्या देशात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या शब्दासाठी थांबलं होतं. त्याची मला चटक लागली. पुढे दोन-तीन आठवडे मी वेगळीच बाई होते. "डॉक्टर, तुमचे पैसे यायचेत," असं मी एका डॉक्टरला म्हणत होते.

डॉक्टरांबरोबर ट्रेननं गेले. विकणाऱ्यानं तीन-चार नग पुढे मांडले. डॉक्टरांना चकचकीत हवं होतं. मी मात्र त्या जड, काळपट रिव्हॉल्व्हरवर बोट ठेवलं, कारण त्याच्या मुठीच्या बुडाशी दोरी ओवायची कडी होती, आणि साहेबाच्या रिव्हॉल्व्हरला तशी कडी होती असं आबा सांगायचे. येताना ते माझ्या पिशवीत मेथीच्या जुड्यांखाली होतं.

मी ते आबांच्या हातात दिलं. अंगठ्यानं ती कडी चाचपून पाहिली. "सूनबाई," म्हणाले, "कडी आहे हो." बस. त्यांचे डोळे मला बघवेनात, म्हणून मी आत निघून गेले.

इथवर सगळं सोपं आहे लिहायला.

खंडेनवमीचा दिवस. हे ड्यूटीवर. वैशूला शाळेची सुट्टी. मी शिरा करत होते. आबा आंघोळ करून, धोतर नेसून पुढच्या खोलीत पाट मांडत होते. दोस्त यायचे होते. आबांनी ते रिव्हॉल्व्हर तेलाच्या फडक्यानं पुसलं आणि नळी साफ झाली का बघायला खिडकीच्या उजेडात वर धरलं. पडदा उघडा होता. फुटपाथवरून कुणीतरी जात होतं. त्या माणसाला काय दिसलं असेल? त्याचंही काय चुकलं?

थोड्या वेळानं आमचा रस्ता एकदम शांत झाला. मग पोलिसांच्या भोंग्यातून आवाज आला. वैशू जिन्यावर कठडा धरून उभी होती. आबांना लगेच समजलं — शेवटी फौजीच. वस्तू पाटावर ठेवली, दोन्ही हात वर केले आणि दार उघडून बाहेर गेले. बंदुका रोखलेल्या पोलिसांनी त्यांना ओल्या फुटपाथवर गुडघे टेकायला लावले. ते गुडघे रोज मी तेल लावून चोळत असे. धोतर चिखलानं भरलं. रस्त्याच्या टोकाला, पोलिसांच्या पट्टीपलीकडे शिंदेमामा आणि डॉक्टर उभे होते. मामांच्या हातात झेंडूची फुलं होती.

नंतर आबांना आत आणून कोचावर बसवलं, कुणीतरी घोंगडी पांघरली. एक पोलीसबाई माझ्याशेजारी बसली. चांगली होती ती, तिनं माझ्या हातावर हात ठेवला. तिनं विचारलेलं वैशूनं तिच्या मोडक्या मराठीत मला सांगितलं — "आई, ती विचारते, हा बंदूक घरात कोणी आणला?"

आबा माझ्यापासून चार हातांवर होते. माझ्याकडे बघतही नव्हते. मला फक्त 'मी' म्हणायचं होतं. एक अक्षर.

मी म्हटलं, "आबांनी. मला काही ठाऊक नाही."

वैशूनं ते इंग्रजीत सांगितलं. आबांना इंग्रजी समजायचं, आणि मराठीत तर — मराठीत त्यांनी ते माझ्याच तोंडून ऐकलं होतं. त्यांनी मान वर केली आणि त्या बाईंना सांगितलं, "शी इज टेलिंग राइट. ओन्ली मी."

पोलिसांनी पुढे तपासलं, कायद्याला धरून आहे म्हणाले, आणि प्रकरण तिथंच मिटलं. पण घरात मिटलं नाही. संध्याकाळी ह्यांना कळलं. ह्यांनी बापाला एकच विचारलं — "कुठून आणलंत?" आबा म्हणाले, "बाजारातून." हे म्हणाले, "पोरगी घरात असताना? तुमची बुद्धी चालेनाशी झालीय आबा." आबांनी नुसती मान हलवली, जणू असेलही. मी पोळ्या लाटत होते.

दुसऱ्या दिवशी शिंदेमामा दारात आले. आत आले नाहीत. "हवालदारसाहेबांनी आम्हा दोघांना शपथ घातलीय, तुमचं नाव काढायचं नाही," म्हणाले. "पण सूनबाई, तुम्ही तरी—" आणि तसेच निघून गेले. ते परत कधी आले नाहीत.

ह्यांनी ठरवलं, आबांना गावी धाकट्या दिरांकडे पाठवायचं. तिकीट मिळेपर्यंत दीडएक महिना गेला.

आता खरं सांगायची वेळ आली आहे. आतापर्यंत तुम्हाला वाटलं असेल की मी घाबरले. पोलीस, बंदुका, परका देश — अडाणी बाई घाबरली. मीसुद्धा स्वतःला हेच सांगत आले. त्या दिवशीपुरतं ते खरंही होतं. पण तो दीड महिना? रोज सकाळी मी आबांपुढे चहा ठेवत होते. रोज हे माझ्यासमोर जेवत होते. एका वाक्याचं काम होतं. हे ओरडले असते, चार दिवस अबोला धरला असता — मारायची सवय ह्यांना कधीच नव्हती — आणि आबा राहिले असते. मी बोलले नाही, ते भीतीनं नव्हे.

मला ती खोली हवी होती.

वैशू मोठी होत होती. आमच्या खोलीत पडद्याआड झोपायची, जिन्यावर बसून अभ्यास करायची. मला त्या खोलीत तिचं टेबल दिसायला लागलं होतं. आबांचा रात्रीचा खोकला नको, गुडघे चोळणं नको, मोरीत पडतील म्हणून दाराबाहेर उभं राहणं नको — असंही मनात यायला लागलं होतं. जी चूक मी भीतीनं केली ती मला सोयीची निघाली. सोयीची निघाली म्हणून मी ती तशीच राहू दिली. असं लिहिल्यावर किती लहान दिसतं! एक टेबल. एक पलंग.

आबा दुपारी फिरायला गेले आहेत असं समजून मी एकदा त्यांच्या खोलीत टेप घेऊन भिंत मोजत होते. मागे वळले तर ते दारात उभे. टोपी हातात. मी टेप गुंडाळली. ते बाजूला सरकले, मी निघून जावं म्हणून वाट दिली.

जायच्या दिवशी त्यांच्या बॅगा मीच भरल्या. हे गाडी काढायला गेले होते. आबा जिन्यापाशी कोट घालून उभे. मी वाकून पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला — ठेवला, काढून घेतला नाही. आणि म्हणाले, "पोरीचं टेबल खिडकीशी लाव. सकाळी ऊन येतं तिथं."

रागावून नव्हे हो. खरंच सांगत होते.

गावी दिरांच्या घरीही जागा कमीच. त्यांची खाट बाहेरच्या पडवीत होती, हे मला नंतर कळलं. त्याच थंडीत आबा गेले. फोन आला तेव्हा मी रडले, आणि रडणं खोटं नव्हतं. भेटायला आलेल्या बायका म्हणाल्या, सख्ख्या मुलीनं केलं नसतं एवढं तुम्ही त्यांचं केलंत. मी पदर तोंडाला लावून ऐकत राहिले. नाही म्हटलं नाही.

वैशू त्या खोलीत शिकली. चांगली शिकली. टेबल खिडकीशीच लावलं होतं.

गेल्या वर्षी ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून हे हळवे झालेत. मागे एका रविवारी दुपारी जेवून उठता उठता थांबले आणि म्हणाले, "मी बापाला हाकलून दिलं का गं?" एवढी वर्षं हे आबांच्या वेडेपणाची गोष्ट पाहुण्यांना सांगून हसत असत. मला वाटायचं, ते विसरले. ते विसरले नव्हते. त्यांच्या ताटात दोन घास तसेच होते, आणि ते माझ्याकडे लहान मुलासारखे बघत होते.

मी म्हटलं, "तुम्ही तेव्हा योग्य तेच केलंत."

त्यांनी मान हलवली. पण त्यांना ते पटलं नाही, हे मला कळलं. आता रोज सकाळी ते आबांच्या फोटोसमोर उभे राहतात, ओठ हलतात. माफी मागत असतात. त्यांना वाटतं, ते पाप त्यांचं आहे. आणि मी ते त्यांच्याकडे राहू दिलं आहे.