मेहुण्याच्या सासऱ्यांची फवारणी

घरात वस्तू आणणारी माणसं मी हजारो पाहिली; पण आणलेली वस्तू मुळासकट घराबाहेर काढू शकणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच होता, आणि तो माझ्या मेहुण्याचा सासरा लागत होता. या नात्याला मराठीत सुटसुटीत शब्द नाही, म्हणून आम्हीही सगळ्यांसारखं त्यांना आबा म्हणायचो. आबांची सगळी नोकरी मलेरिया खात्यात गेली. फवारणीच्या पंपवाल्यांना घेऊन धुळे जिल्ह्यातली गावं पालथी घालायची, गोठ्यात, माळ्यावर, देव्हाऱ्यामागे फवारा मारून घ्यायचा, आणि बाहेरच्या भिंतीवर गेरूने फेरीचा आकडा, तारीख आणि सही टाकायची, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर माणसं एखाद्या देवळाच्या ट्रस्टवर जातात किंवा सुनेच्या फोडणीत लक्ष घालतात. आबांनी धुळ्यात तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला. त्या कोर्समध्ये पुष्कळ काही शिकवलं असणार. आबांच्या लक्षात त्यातला एकच धडा राहिला, तो म्हणजे टाकलेला प्रोग्राम काढायचा कसा. तेव्हापासून विंडोज हे त्यांना डासांनी भरलेलं एक गाव वाटू लागलं.

आमच्या पिंप्राळ्यातल्या घरी कॉम्प्युटर आला तो विंडोज पंच्याण्णवचा काळ. कॉम्प्युटरच्या मासिकासोबत फुकट सीडी मिळायची, आणि फुकट मिळालेलं न वापरणं आमच्या कॉलनीत पाप समजलं जायचं. येणारा-जाणारा आमच्या मशीनमध्ये काहीतरी टाकून जाई. कुंडली, बुद्धिबळ, नाना देशांच्या वेळा दाखवणारी घड्याळं. दिवाळीपर्यंत अशी वेळ आली की सकाळी बटण दाबल्यापासून मशीन कामाला लागेपर्यंत माझी दाढी आणि आंघोळ उरकायची. तेव्हा मेहुणा म्हणाला, "आमच्या सासऱ्यांना बोलवा."

आबा धुळ्याहून एस.टी.ने आले. पिशवीत माझ्या बायकोसाठी बिबड्या, म्हणजे ज्वारीचे खानदेशी पापड, एक बॅटरी, एक कोरी फ्लॉपी आणि कागदात गुंडाळलेला गेरूचा खडा. चपला बाहेर काढून त्यांनी आधी टेबलाखाली आणि मग मॉनिटरमागे बॅटरी मारली. कॅबिनेटवर तळहात ठेवला.

"कधीपासून त्रास आहे, सर?"

"दिवाळीपासून."

"अंग गरम लागतंय. बाहेरगावचं काही आलं होतं का?"

मी मासिकाची सीडी पुढे केली. त्यांनी ती दोन बोटांत काठाने धरून उजेडात पाहिली आणि लांब ठेवली.

"यातलं बरंचसं मी काढून टाकलंय," मी म्हणालो. "सगळे आयकॉन डिलीट केले."

मी कॉलेजात इतिहास शिकवतो. काही उत्तरपत्रिका वाचताना माझ्या चेहऱ्यावर जी करुणा उमटते, ती मला त्या दिवशी आबांच्या चेहऱ्यावर दिसली. "दारावरची पाटी काढली म्हणजे माणूस घर सोडून गेला का, सर?"

प्रोग्राम काढायची सोय कंट्रोल पॅनेलमध्येच असते, हे मला आबांनी दाखवलं. पण त्या सोयीवर त्यांचा स्वतःचा काडीचा विश्वास नव्हता. प्रोग्राम यशस्वीपणे काढला, असा संदेश आला की ते म्हणत, "सरपंचही असंच सांगायचे, गावात डास नाही म्हणून." मग त्याखालच्या ओळीवर बोट ठेवत. तिथे मशीनच कबूल करत असे, की काही गोष्टी निघालेल्या नाहीत, त्या तुमच्या तुम्ही काढा. तिथून आबांची खरी फेरी सुरू व्हायची. आधी प्रोग्राम फाइल्समध्ये मागे राहिलेलं फोल्डर. मग टेंप नावाच्या डबक्यात साचलेल्या फायली. मग मशीनबरोबर आपोआप जागे होणारे आगंतुक. सगळ्यात शेवटी रजिस्ट्री. तिला ते ग्रामपंचायतीचं रजिस्टर म्हणत, कारण माणूस गाव सोडून गेला तरी तिथलं त्याचं नाव हलत नाही. त्या रजिस्टरात गेलेल्या प्रोग्रामचं नाव शोधायचं, सापडलं की खोडायचं, पुन्हा शोधायचं. शोध संपला असं मशीनने स्वतः सांगितल्याशिवाय ते चहाला हात लावत नसत. बायकोने तीनदा चहा गरम केला. अखेर आबांनी कचरापेटी रिकामी केली, हात झटकले आणि स्वयंपाकघराकडे पाहून अहिराणीत हाक दिली, "ताई, काही ऱ्हायनं का?" बायको शिरपूरकडची. तीही आतून म्हणाली, "काहीच नही, आबा." मग त्यांनी आमच्या पांढऱ्याशुभ्र कॅबिनेटवर गेरूने लिहिलं: फेरी पहिली. खाली तारीख आणि सही.

त्यांची कीर्ती मी कॉलेजापर्यंत नेली. आमच्या कॉम्प्युटर कक्षाचं उद्घाटन एका मोठ्या पुढाऱ्याच्या हस्ते झालं होतं. त्यासाठी कोणीतरी खास प्रोग्राम बनवून घेतला होता. मशीन सुरू झालं की सनई वाजायची, पडदा सरकायचा आणि त्या पुढाऱ्याचं हात जोडलेलं चित्र यायचं. पुढे ते गृहस्थ निवडणूक हरले, विरोधी पक्षाचे गृहस्थ संस्थेचे अध्यक्ष झाले, तरी चित्र काही हात सोडेना. प्राचार्य अध्यक्षांना त्या खोलीत जाऊ देत नसत. रंगकाम चालू आहे म्हणून सांगत. आबांनी एका दुपारी सनई काढली, पडदा काढला, चित्र काढलं, आणि रजिस्ट्रीत एकोणीस ठिकाणी निघालेलं त्या पुढाऱ्याचं नाव खोडलं. प्राचार्यांनी सत्काराची शाल मागवली. आबा म्हणाले, "शाल राहू द्या. कॅबिनेटवर लिहायची परवानगी द्या."

आबांची एकच गोष्ट आम्हाला सगळ्यांना हास्यास्पद वाटायची. खात्यात असताना तापाच्या माणसाला गोळी देण्याआधी त्याच्या बोटातला रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा नियम होता. आबा तो नियम विंडोजलाही लावत. प्रत्येक घरातून जे काढायचं, त्याच्या यादीतली पहिली एक फाइल ते फ्लॉपीवर घेत, फ्लॉपीवर गावाचं आणि घरमालकाचं नाव घालत, आणि धुळ्याला जाऊन ती काचपट्ट्यांच्या लाकडी पेटीत उभी करून ठेवत. "या कचऱ्याचं करायचं काय, आबा?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "नमुन्याचं काही करायचं नसतं, सर. तो घ्यायचा असतो."

आता एक गोष्ट सांगायला हवी. आबा चारचौघांत कोणाची भीड ठेवत नसले, तरी माझ्या बायकोपुढे फार जपून असत. त्यांची मुलगी माझ्या बायकोच्या भावाला दिलेली, म्हणजे माझी बायको त्यांच्या मुलीची नणंद. मुलीचा बाप मुलीच्या नणंदेशी ज्या अदबीने वागतो, त्या अदबीने कलेक्टरशीही कोणी वागत नाही. आणि आबांच्या हातून जे झालं, ते नेमकं या नणंदेच्या बाबतीत झालं.

माझी बायको सहा वर्षं अहिराणी लग्नगीतं गोळा करत होती. शिरपूरकडच्या खेड्यांत तिच्या तीन मावश्या होत्या. हळदीची, तेलनाची, रुखवताची सगळी गाणी त्यांच्या तोंडात. पुस्तकाचं ठरेपर्यंत तिघींपैकी एकच उरली होती, आणि तिलाही आता गाण्याची पहिली ओळच तेवढी आठवायची. बायकोने एका मराठी टायपिंगच्या प्रोग्रामवर सगळी गाणी स्वतः टाइप केली. आबांनीच तिला सांगितलं होतं, "टाइप झालं ना, ताई? मग ते कागद कशाला ठेवता? वाळवी लागते." कागद रद्दीत गेले. पुढे त्याच कामाचा एक नवा, चांगला प्रोग्राम मिळाला तेव्हा ती म्हणाली, "आबा, नवा राहू द्या, तेवढा जुना काढा." आबांनी जुना काढला. मध्येच मशीनने विचारलं, की ही अक्षरं, म्हणजे फॉन्ट, इतरांच्याही वापरात असू शकतात, खरंच काढायची का? आबांनी "सगळ्यांना होय" दाबलं. त्यांना ती नेहमीची सरपंची सबब वाटली.

आठ दिवसांनी बायकोने गाणी उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, आकडे, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हं. पाऊणशे पानं तशीच. गाणी जुन्या प्रोग्रामच्या अक्षरांतच वाचता यायची, आणि ती अक्षरं प्रोग्रामबरोबर गेली होती. जुन्या प्रोग्रामच्या पाच फ्लॉप्या होत्या, त्यांतली तिसरी मशीन वाचेना. बायको रडली नाही. तिने पंख्याचं बटण बंद केलं आणि खुर्चीत बसून राहिली. मी धुळ्याला आबांच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने आबा आले. बिबड्या नाहीत, बॅटरी नाही. खुर्चीवर न बसता उभ्यानेच त्यांनी पडदा वाचला. एक पान, मग दुसरं. जणू कुठेतरी मध्येच मराठी सुरू होईल.

"आबा, बठ्ठं गयं," बायको म्हणाली, "सगळं."

"मीच काढलं," आबा म्हणाले. "ताई, इतकी वर्षं लोकांच्या घरात शिरलो. देव हलवले, उतरंडी हलवल्या. कोणाचं मडकं फुटलं नाही."

मीच धीर करून विचारलं, "आबा, त्या दिवशी नमुना घेतला होता ना?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग चपला घातल्या आणि ते बस स्टँडवर गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते परतले तेव्हा ती लाकडी पेटी त्यांच्या मांडीवर होती. रिक्षावाल्याने ती मागे ठेवायला सांगितली म्हणून त्यांनी एक रिक्षा सोडली होती. पेटीत अर्ध्या खानदेशाचा कचरा शिस्तीत उभा होता: दीपनगर, पारोळा, अमळनेर, दोंडाईचा. त्यातून त्यांनी "पिंप्राळा, सर, फेरी पाचवी" काढली. तीत एकच फॉन्ट होता, यादीतला पहिला. आबा नेहमी पहिलाच घेत. आणि माझ्या बायकोलाही यादीत खाली जाऊन दुसरी अक्षरं निवडता येतात हे बरेच दिवस माहीत नव्हतं, म्हणून तिनेही गाणी पहिल्याच अक्षरांत टाइप केली होती. फॉन्ट टाकून तिने फाइल उघडली. हळदीचं गाणं पडद्यावर जसंच्या तसं उभं राहिलं. फक्त शीर्षकं परत आली नाहीत. ती तिने नंतर हौसेने यादीच्या तळातल्या जाड अक्षरांत केली होती. ती अजून डॉलरमध्येच होती.

"शीर्षकं गेली, ताई," आबा म्हणाले.

"मावश्या कुठे शीर्षक सांगून गात होत्या," बायको म्हणाली. "बसा, आबा. चहा ठेवते."

पुस्तक निघालं, विनाशीर्षकाचं. पण आबांनी कॉम्प्युटरला हात लावणं सोडलं. मेहुण्याकडून कळायचं, की सकाळी अकरालाच त्यांचा पेपर वाचून होतो, मग दिवसभर ओट्यावर बसतात. कोणी बोलवायला आलं तर डोळे काम देत नाहीत म्हणून सांगतात. डोळे उत्तम होते. चार महिने असे गेल्यावर बायकोने त्यांना कार्ड टाकलं: "आबा, मशीन फार हळू झालं आहे. तुमच्याशिवाय कोणाला हात लावू देणार नाही." कार्ड टपालपेटीत टाकून ती घरी आली आणि कपाटातून मासिकाच्या सीड्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. "आता हळू करा."

मी त्या दिवशी जितका कचरा टाकला तितका पूर्वी कोणी टाकला नसेल. मत्स्यालय टाकलं, त्यात लाल मासे फिरत. आबा आले, हातात बिबड्या आणि बॅटरी. या खेपेला कोऱ्या फ्लॉप्या एकीच्या जागी दहा. पडद्यावरचे मासे त्यांनी बराच वेळ पाहिले.

"हे कुठून आले, ताई?"

"काय माहीत. आपोआप आले असतील."

"आपोआप काही येत नाही," आबा म्हणाले. "कोणीतरी पाणी साचवतं." त्यांनी आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीतून बाहेर बघत होतो. मग त्यांनी बाह्या वर सारल्या, सगळ्या फायलींचा नमुना घेतला, आणि चहा तीनदा गरम करावा लागला.

तेव्हापासून त्यांचं कार्ड आलं की आम्ही आदल्या दिवशी पाणी साचवून ठेवायचो. गेरूच्या ओळी एकाखाली एक वाढत नवव्या फेरीपर्यंत गेल्या. दहाव्या फेरीचंही कार्ड आलं, शनिवारी येतो म्हणून. आम्ही शुक्रवारी मासे टाकले, एक घड्याळ टाकलं आणि महिनाभराच्या मुदतीचा एक हिशेबाचा प्रोग्राम टाकला. शनिवारी आबा आले नाहीत. मेहुण्याचा फोन आला, आणि आम्हीच दुपारच्या गाडीने धुळ्याला गेलो.

मासे अजून फिरतात. हिशेबाच्या प्रोग्रामची मुदत कधीच संपली. रोज सकाळी तो विचारतो, मला काढून टाकायचं का. बायको "नाही" दाबते. मशीन पुन्हा हळू झालं आहे. बटण दाबल्यापासून ते कामाला लागेपर्यंत माझी दाढी आणि आंघोळ निवांत उरकते.