ठेच्याच्या शर्यतीतली शेळी

थोरली लेक तान्ही होती तेव्हा मला मोठा ताप आला आणि त्या तापातच माझं दूध आटलं. निजामाच्या राज्यातली, महायुद्धाच्या काळातली ही गोष्ट. घरातली ज्वारी सरकारच्या सक्तीच्या लेव्हीत गेली होती. आम्ही मूळचे मेंढरं-शेळ्या राखणारे, पण आदल्या पावसाळ्यात रोग आला आणि दाव्याला एक जनावर उरलं नाही. शेजारीण काही दिवस लेकीला पाजत होती. तिचंही लेकरू अंगावर पिणारं. एके सकाळी मी गेले तर तिच्या सासूनं आतून कडी लावून घेतली. तिला मी बोल लावत नाही.

लेकीला कण्यांचं पाणी पाजलं की ती ओकायची. रडत होती तोवर मला धीर होता. मग तिनं रडणंही सोडलं.

चैत्रात धावड्याकडच्या एका गावात जत्रा भरायची. कुस्त्यांच्या आधी तिथं ठेचा खायची शर्यत लागायची. तसली शर्यत मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही. लाल मिरच्या, लसूण आणि मीठ उखळात कुटायचं, पत्रावळीवर त्याचा गोळा आणि कोरडी भाकरी. समोर पाण्याचा तांब्या ठेवलेला. तांब्याला हात लावला की माणूस बाद. दरवर्षी जिंकणाऱ्याला फेटा मिळायचा. त्या वर्षी तिथल्या पाटलांचा कसलासा नवस पुरा झाला, म्हणून त्यांनी नुकतीच व्यालेली शेळी करडासकट लावली.

ही बातमी मालकांनीच घरी आणली. कालवणात मिरची जरा जास्त पडली तर ताटावरून उठणारा हा माणूस.

मी म्हणाले, "तुमाला तिखट सोसत न्हाई."

"सोसंल."

"लोकं हसतील."

"हसू दे. मंग दुसरं काय करू, सांग."

लेकीला फडक्यात गुंडाळून मीही त्यांच्यामागे निघाले.

शेळी लिंबाला बांधलेली. तिची कास भरून आली होती आणि करडू ढुसण्या देत पीत होतं. मला ते बघवेना, आणि नजरही काढता येईना.

शर्यत सुरू झाली. पहिल्या घासालाच काहीजणांनी तांब्या तोंडाला लावला, माणसं हसली. हळूहळू पंगत रिकामी झाली आणि दोघंच उरले. एक आमचे मालक, दुसरा जाफराबादचा एक धिप्पाड गाडीवान. गाडीवान शांतपणे खात होता. मालकांचे ओठ सुजले होते, नाकाडोळ्यांतून पाणी गळत होतं. घास तोंडात घालून ते डोळे मिटायचे आणि गिळेपर्यंत जमीन मुठीत धरायचे. लोकांना त्याचंच हसू येत होतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं की पुरे करा. पण मांडीवर लेक होती.

गोळा संपत आला आणि ते पुढे वाकून भडाभडा ओकले.

पाटील म्हणाले, "झालं. बाद."

"मी पाणी न्हाई पिलो," मालक म्हणाले. आवाज पार बसला होता. "तांब्याला हात न्हाई लावला. बघा की."

"पोटात राह्यलं पायजे ना, बाबा."

मालक पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिले. मग लोक कुस्त्यांकडे वळले.

गाडीवानानं शेळी सोडली आणि गाडीत चढवली. गाडीत त्याची म्हातारी आई बसली होती. मी उठले ती सरळ गाडीपाशी गेले आणि चाक धरून उभी राहिले.

"आत्या, थोडं दूध काढू द्या. एका टायमाचं. जास्ती मागत न्हाई."

म्हातारीनं फडकं बाजूला केलं. लेकीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली.

"एका टायमाला काय व्हतंय हिचं?" ती म्हणाली, आणि लेकाकडे वळली. "शेळी उतरव."

"आई, तोंड जळून राह्यलं माझं या शेळीपायी."

"तुझं तोंड उद्या बरं व्हईल. उतरव म्हणते ना." मग मला म्हणाली, "फुकट देत न्हाई, पोरी. शेळी आमचीच राहील. अर्धेलीनं सांभाळ. हे करडू मोठं झालं की आमचं, पुढच्या वेताचं तुमचं. कबूल?"

मी तिच्या पायावर डोकं ठेवलं तर तिनं पाय मागे घेतला. "आधी धार काढ," ती म्हणाली.

गाडीच्या सावलीतच मी द्रोणात धार काढली. लेकीला ओढायची ताकद नव्हती. पदराचं टोक दुधात बुडवून ओठांत पिळलं, ते गालावरून ओघळलं. पुन्हा पिळलं, पुन्हा ओघळलं. म्हातारी वाकून बघत होती. बऱ्याच वेळानं लेकीचा गळा हलला.

तरी ती लगेच सुधारली नाही. कितीतरी दिवस मी तिच्या छातीवर हात ठेवून बसायचे. मालक नुसत्या आंबिलीवर होते, घास उतरत नव्हता. पण शेळीला पाला आणायला ते रोज दूरवर जायचे. शर्यतीचं नाव मात्र त्यांनी पुन्हा काढलं नाही.

दसऱ्याच्या सुमारास म्हातारी करडू न्यायला आली. आधी शेळीच्या पाठीवरून हात फिरवला, कास चाचपली. मग ओसरीवर बसून लेकीला उचललं. लेक तिच्या गळ्यातली पोत ओढायला लागली.

"जड झाली," एवढंच ती म्हणाली, आणि उन्हं कलायच्या आत करडाला घेऊन जाफराबादच्या वाटेला लागली.