पेटीनं उडवलेले फुफाजी

चहा येऊन राहिला, तोवर ऐकून घ्या. आता काय सांगू, इतका मोठा घोळ मी जन्मात दुसरा केला नाही, आन् तोही माझ्या सगळ्यात आनंदाच्या दिवशी! हसा, खुशाल हसा, पण कप खाली ठेवून हसा.

मी पांढुर्ण्यात घरी बसून वेबसाइटी बनवतो, हे तुम्हाले माहीतच आहे. दुकानांच्या, शाळांच्या, मंगल कार्यालयांच्या. आन् प्रत्येक गिऱ्हाईक एकच म्हणते, "भाऊ, फोटो मस्त दिसले पाहिजे." म्हणून आठ महिने खपून मी एक टूल बनवलं. फोटोंचं फोल्डर त्याच्यात टाकून द्या, ते आपलं आपण वेबसाइटवर गॅलरी लावून देते. बोट फिरवलं की पुढचा फोटो! नाव ठेवलं 'पेटी'. संत्र्याच्या पेट्या भरणाऱ्या गावात दुसरं काय नाव ठेवायचं?

त्यात माझी एक खास करामत होती. फोटोग्राफर एकच पोज दहा वेळा काढते ना? तर पेटी सारखे दिसणारे फोटो ओळखणार, त्यातला सगळ्यात स्पष्ट एकच दाखवणार आन् बाकीचे लपवून टाकणार. मी बागेचे फोटो टाकून पाहिले, गणपतीचे टाकून पाहिले. एक नंबर चाललं! मी खोलीत एकटाच नाचलो. बायको दारातून पाहून निघून गेली.

आता जगासमोर ठेवायचं तर नमुना पाहिजे. आन् नमुना तर घरातच होता! काकाच्या पोरीचं, प्रियाचं, लग्न नुकतंच सौसरले झालं होतं. ते सगळे फोटो पेटीत टाकले, टूल सगळ्यांसाठी खुलं केलं आन् सकाळी सकाळी लिंक टाकून दिली. जगाले टाकली, ते ठीक. घरच्या ग्रुपवरही टाकली, तिथं माझं चुकलं.

काहून चुकलं, ते सांगतो. आमचे फुफाजी, म्हणजे आत्याचे यजमान, लोधीखेड्याले राहतात. सात वर्षांपूर्वी काकाच्या घराची वास्तू होती, आन् पत्रिकेत फुफाजीचं नाव छापायचं राहून गेलं. जावयाचं नाव, बाप्पा! तेव्हापासून त्यांचं काकाशी बोलणं बंद आन् बिचाऱ्या आत्याचं माहेर बंद. सात वर्षं तिनं काकाले राखी पोस्टानं पाठवली. प्रियाच्या लग्नाच्या वेळी काका स्वतः जाऊन हात जोडून उभा राहिला, तेव्हा कुठं फुफाजी आले. स्टेजवर नवरा-नवरीच्या बाजूला दोघं खांद्याले खांदा लावून उभे राहिले, फोटो निघाला, आन् आत्या खाली खुर्चीत डोळे पुसत होती. मीही पुसले, खोटं कायले बोलू.

तर लिंक टाकून अर्धा तासही नाही झाला, फुफाजीचा फोन.

"काय रे, माझा फोटो दिसून नाही राहिला."

मले वाटलं, नेटचा घोळ असंल. "फुफाजी, पुन्हा उघडून पाहा ना."

"चार वेळा उघडलं. तुझ्या आत्याच्या मोबाइलवरही पाहिलं."

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? स्वतः उघडून पाहिलं असतं. पण मी होतो हवेत! परदेशातल्या कोण्या माणसानं "फार छान टूल" असं लिहून पाठवलं होतं, ते मी सहाव्यांदा वाचून राहिलो होतो. छाती फुगवून सांगितलं, "अहो फुफाजी, ही पेटी लय हुशार आहे! कामाचे फोटो ठेवते आन् बिनकामाचे आपोआप उडवते!"

मले वाटलं, माणूस थक्क झाला.

"असं," ते म्हणाले. "आन् बिनकामाचं कोण, हे कोणी ठरवलं? तुझ्या काकानं?"

"काका कायले? मीच ठरवलं! आठ महिने मेहनत केली त्याच्यासाठी!"

फोन कट.

मी पुन्हा त्या परदेशी माणसाचं वाचाले बसलो. तेवढ्यात काकाचा फोन. "अबे, नवरीच्या बापाचाच फोटो नाही? लोधीखेड्याच्या जावईबापूनं काढाले लावला का तुले?" मग प्रियाचा. "दादा, माझ्या सासूबाईचा फोटो काहून काढला? लिंक पाहिल्यापासून त्या कोणाशी बोलून नाही राहिल्या!"

आन् मग आत्याचा. "बेटा, हे म्हणून राहिले की आता तिकडं पाय नाही ठेवायचा." एवढंच बोलली आन् रडाले लागली. माझा सगळा आनंद तिथंच उतरला.

तेव्हा कुठं मी वेबसाइट नीट उघडली. हळद, बरोबर. मेंदी, बरोबर. वरात, झकास! आन् स्टेजवरचा फोटो? एक. फक्त एक. मधात प्रिया आन् तिचा नवरा, आन् बाजूला हातात झारा घेऊन उभा आचारी!

आता आपल्याकडच्या लग्नात काय होते? नवरा-नवरी दोन तास एकाच सोफ्यापुढं उभे. मागं तीच फुलं, वर तेच लाइट, कॅमेरा एका जागी. पाहुणे येतात, आहेर देतात, फोटो काढतात, उतरतात. त्यात सगळ्या माणसांले गुलाबी फेटे! पेटीले वाटलं, ही एकच पोज आहे, फोटोग्राफरनं अडीचशे वेळा काढली. मग तिनं सगळ्यात स्पष्ट फोटो निवडला. बाकी सगळे हालून राहिले होते, आचारी एकटा सावधान उभा होता.

आन् गंमत पाहा, सगळेच उडाले हे एकालेही दिसलं नाही. ज्यानं त्यानं फक्त आपलं तोंड शोधलं!

मी ती करामत बंद केली. दोन मिनिटांत सगळे फोटो वापस. पण फुफाजी फोन उचलतीन तर ना! लॅपटॉप पिशवीत टाकला आन् काकाच्या दारात गेलो.

"मी नाही येत," काका म्हणाला.

"काका, आत्या रडून राहिली."

काकानं चपला घातल्या आन् गाडीवर मागं बसला.

लोधीखेड्याले फुफाजी ओसरीवर खाटेवर बसून होते. या नाही, बसा नाही. आत्यानं पाणी आणलं, तिचे डोळे लाल. मी घाईघाईनं लॅपटॉप उघडला. "हे पाहा फुफाजी, तुम्ही! कोणी नाही काढलं तुम्हाले, मशीनचा घोळ होता!" आन् फोटो मोठा करून दाखवला.

अरे बाप्पा! फोटोत फुफाजीचे डोळे बंद, तोंड उघडं, फेटा नाकावर. शिंक येऊन राहिली होती वाटते. आन् बाजूला काका, काडीनं दात कोरून राहिला होता.

आत्यानं पदर तोंडाले लावला.

"हा मीच का?" फुफाजीनं विचारलं.

"हाव."

"उडव."

"पण फुफाजी, आत्ताच तर..."

"उडव म्हटलं ना!" मागून काका ओरडला. "माझं तोंड पाह्यलं का? पहिल्यावानी कर!"

"पहिल्यावानी केलं तर तुम्ही दोघंही जाता आन् एकटा आचारी राहते."

"राहू दे!" फुफाजी म्हणाले. "आचारी चांगला दिसून राहिला."

आत्या इतकी हसली की खालीच बसली. मग काकाही हसला आन् खाटेच्या कोपऱ्यावर टेकला. फुफाजीनं सरकून त्याले जागा दिली. मले इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आत्यानं चहा टाकला.

फुफाजीनं माझ्याकडं बोट दाखवलं आन् काकाले विचारलं, "सालेसाहेब, ह्यानं आठ महिने घरात बसून हेच केलं?"

"हाव ना, जावईबापू. आम्हाले वाटे, पोरगं कामात आहे."

"मले तर हा बिनकामाचा वाटून राहिला."

"शंभर टक्के, जावईबापू," काका म्हणाला.

सात वर्षांत पहिल्यांदा त्या दोघांचं कोण्या गोष्टीवर एकमत झालं, आन् ती गोष्ट मी होतो!