घासणी सरळ फिरवायची

अमेरिकेतल्या बॉथेल गावात संध्याकाळी फिरायला निघालो की एका उघड्या गॅरेजमध्ये एक मराठी काकू दिसायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. एका शनिवारी मी बोलायला थांबलो, तर त्यांच्या मांडीवर टॉवेल होता आणि टॉवेलवर स्टीलचं रिकामं पिस्तूल. लेकीचं. ती नेमबाजीच्या स्पर्धांना जाते. कमरेच्या म्यानात घालता-काढता त्यावर चरे पडले होते, ते काकू हिरव्या घासणीने काढत होत्या. हात मात्र सवयीने पातेल्यावर फिरावा तसा गोल फिरला आणि गोल ओरखडे उमटले.

"आई, नो सर्कल्स. गो विथ द लाइन्स," शेजारी उभी लेक म्हणाली.

काकूंनी पिस्तूल उजेडात धरून स्टीलवरच्या बारीक रेघा पाहिल्या. मग थेंबभर तेल घेऊन त्या रेघांच्या दिशेने हलकेच घासणी ओढत राहिल्या. चरे, ओरखडे सगळे रेघांत मिसळून गेले.

मला या वस्तूचा धाकच वाटतो, पण काकूंनी ती फडक्याने पुसून नवा डबा दाखवावा तशी मला दाखवली.

"घरातल्या प्रत्येक भांड्यावर ह्यांचं नाव घातलंय," त्या म्हणाल्या. "यावर मात्र लेकीचं घालणार."