काचपट्टीवरच्या लाल काड्या

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो माझ्या अक्काचा. सीमाभागातल्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. अक्काने चिकपेटेतल्या आपल्या सासरी मला ठेवून घेतलं, म्हणून बंगळूरला सूक्ष्मजीवशास्त्र शिकता आलं.

त्या हिवाळ्यात मला खोकला होता. क्षयाचे जिवाणू ओळखायच्या प्रात्यक्षिकाला सरावासाठी साधी थुंकी हवी होती.

"खोकलेरावांची घ्या, हवी तेवढी मिळेल!" शेजारचा बेळगावचा मित्र म्हणाला. सगळे हसले, मीही.

माझी थुंकी लावलेल्या काचपट्टीला लाल रंग देऊन तापवलं, आम्लाने धुतलं, वरून निळा रंग दिला. इतर बहुतेक जिवाणू आम्लात लाल रंग सोडतात. क्षयाचे सोडत नाहीत, त्यांच्या भिंतीत मेणासारखा थर असतो. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तर निळ्यावर बारीक लाल काड्या.

एका पेशीचा जीव, त्याला केंद्रकसुद्धा नाही, एकाचे दोन होत राहणं एवढंच त्याला ठाऊक. आणि अक्काचं तान्हं बाळ रोज संध्याकाळी माझ्या खांद्यावर झोपायचं.

मी घरी गेलोच नाही. बंगळूरमधल्याच शिवाजीनगरला त्या बेळगावच्या मित्राच्या खोलीवर राहिलो. अक्काकडचा फोन सासऱ्यांच्या दुकानात होता. गिऱ्हाइकांसमोर क्षयाचं नाव कसं काढणार? अभ्यास आहे, एवढाच निरोप ठेवला. खोकला आला की उशीत तोंड खुपसायचो.

शेवटी प्रात्यक्षिक घेणाऱ्या आमच्या धारवाडच्या बाईंना सांगितलं. त्यांनी थुंकी न लावता एक कोरी काचपट्टी तशीच रंगवली. तिच्यावरही लाल काड्या!

"काचपट्ट्या धुतो त्या नळाला ती जुनी रबरी नळी आहे ना, तिच्या पाण्यात ह्याच कुळातले साधे जिवाणू वाढतात," त्या म्हणाल्या. "घाबरू नको. पण छातीचा फोटो काढून घे, थुंकीही दवाखान्यात दे."

दोन्ही तपासण्या केल्या. दोन्ही रिपोर्ट चांगले आले. तरी तोंडाने सांगायचा धीर होईना, म्हणून पत्र टाकलं:

"ती. अक्कास, सा. न. वि. वि.

अभ्यास वगैरे काही नव्हता. मला क्षय झाला असं वाटलं होतं. झालेला नाही, डॉक्टरांनी तपासलं आहे. तू मला घर दिलंस आणि मी तिथे हा रोग आणला असता तर, या विचाराने अर्धा झालो होतो. सासूबाईंना सांगायचं की नाही, ते तू ठरव. बाळ खोकत नाही ना, तेवढं लगेच कळव. तू ये म्हणालीस तरच येईन.

तुझा धाकटा"